नवीन ॲनिमोन आक्रसतं, भटकतं, पंधरा दिवसांत जातं: क्रमाने काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

ॲनिमोन म्हणजे समुद्रपुष्प, खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात तो मऊ जीव. त्याच्याबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी एकाच साच्याची असते. पहिल्या दिवशी ॲनिमोन छान फुललेलं. तिसऱ्या दिवशी सुपारीएवढं आक्रसलेलं. आठव्या दिवशी ते मागच्या काचेवर, नाहीतर थेट वेव्हमेकरच्या (पाण्याला प्रवाह देणाऱ्या पंपाच्या) जाळीत. पंधराव्या दिवशी पाण्याला वास. मग दुकानदाराने आजारी माल दिला असं ठरतं आणि महिन्याभरात दुसरं ॲनिमोन त्याच पाण्यात येऊन पडतं.

माल कधीकधी खराब असतोही. पण हे दुसऱ्यांदा घडलं असेल तर दोष बहुधा टँकच्या पाण्यात असतो, किंवा पिशवीतून टँकमध्ये येतानाच्या त्या दोन तासांत. ॲनिमोनला कवच नाही, खवले नाहीत. ते शरीरात पाणी भरून उभं राहतं, त्यामुळे बाहेर जे पाणी तेच आत. माशाला दोन दिवस चालून जातं ते ॲनिमोनला चालत नाही. म्हणून आधी टँक तपासायचा आणि ॲनिमोनला शक्य तितका कमी हात लावायचा.

खालचं सगळं बबल टिप ॲनिमोन, म्हणजे एन्टाक्मिया क्वाड्रिकलर, धरून लिहिलं आहे. घरच्या टँकमध्ये सगळ्यात जास्त सोसणाऱ्या समुद्रपुष्पांपैकी हे एक. कार्पेट किंवा मॅग्निफिका या जाती पहिल्यांदा आणू नयेत, हे स्पष्टच सांगतो.

आधी लक्षणं: काय नेहमीचं, काय धोक्याचं

दिवसातून एकदा आक्रसून तोंडातून तपकिरी दोऱ्यासारखी घाण टाकणं आणि काही तासांत पुन्हा फुगणं हे नेहमीचं आहे. आतलं जुनं पाणी बाहेर टाकून ते नवं भरून घेतं. रात्री लाइट गेल्यावर लहान होणं, पहिले तीन-चार दिवस जागा बदलणं, बोंडासारखी टोकं जाऊन शुंडकं (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) लांबट सरळ होणं, यांतल्या कशासाठीही घाबरायचं कारण नाही. मधोमध चिमटा पडून दोन तोंडं दिसू लागली तर ते विभागतंय. आणल्यावर आठवड्याच्या आत विभागलं तर तो ताणाचाही परिणाम असू शकतो, पण तो मृत्यू नाही.

धोक्याची लक्षणं वेगळी. तोंड जवळून बघा. निरोगी ॲनिमोनचं तोंड घट्ट मिटलेली चीर असते, थैलीची नाडी ओढून धरल्यासारखी, कडेने बारीक चुण्या असलेली. ते सैल होऊन आतली पांढुरकी गुंडाळी दिसायला लागली आणि तासाभरात मिटली नाही, तर काहीतरी बिघडलंय. आतला भाग बाहेर लोंबत असेल तर बिघाड खूप पुढे गेलाय. पाय (खालची चिकटून बसणारी चकती) कशालाच चिकटत नाही आणि ते टँकभर गडगडतंय, हेही वाईट. शुंडकांना प्लास्टिकची काडी लावून बघा: काडीला चिकटली तर अजून जीव आहे, काहीच हालचाल नसेल तर नाही. शेवटची खूण वासाची. सडक्या माशासारखा वास आणि बोटाला बुळबुळीत सुटणारं अंग असेल तर तपासण्या नंतर करा. ते आत्ताच्या आत्ता बाहेर काढा.

रंगाचं थोडं सविस्तर, कारण खरेदीतच इथे फसगत होते. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशातून बनवलेल्या अन्नाचा मोठा वाटा त्याला पुरवतं. ते शैवाल गेलं की ॲनिमोन पांढरं होतं. दुकानात दुधासारखं पांढरं ॲनिमोन फार सुंदर दिसतं, पण ते उपाशी असतं. लिंबासारखं पिवळं किंवा भडक गुलाबी एकसारखं रंगलेलं दिसलं तर ते पांढरं पडलेल्याला रंगवलेलं असण्याची दाट शक्यता धरा. ॲनिमोन तपकिरी, हिरवट तपकिरी किंवा लालसर, पण अंगात तपकिरी झाक असलेलं घ्यावं.

१. चोवीस तास हात लावू नका (खर्च शून्य)

ही तपासणी वाटत नाही, पण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. आक्रसलेलं दिसलं की लोक जागा बदलतात. पाय सोडवताना तो फाटतो आणि फाटलेल्या पायातून संसर्ग शिरतो. जिथे चिकटलंय तिथे राहू द्या. दर सहा तासांनी एकाच कोनातून मोबाइलवर फोटो घ्या. फुगणं-आक्रसणं चालू असेल तर थांबा. सलग दोन दिवस एकदाही फुगलं नाही, किंवा तोंड उघडं राहिलं, तर पुढे जा.

या काळात खायला घालू नका. ताणात असलेलं ॲनिमोन कोळंबीचा तुकडा गिळतं, पचवू शकत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो सडलेला बाहेर टाकतं. त्याने पाणी बिघडतं ते वेगळंच.

२. वेव्हमेकर, ओव्हरफ्लो, हीटर (खर्च एका स्पंजचा)

भटकं ॲनिमोन मरायचं सगळ्यात सरळ कारण पंप. वेव्हमेकरच्या जाळीच्या फटी मोठ्या असतात. शुंडकं आत ओढली जातात आणि ॲनिमोन किसलं जातं. त्याचे तुकडे टँकभर पसरले तर बाकीच्या जिवांवरही बेतू शकतं. खरखरीत, मोठ्या भोकांचा काळा फिल्टर स्पंज इंच-दीड इंच जाडीचा कापून जाळीवर ओढा आणि झिप-टायने बांधा. ओव्हरफ्लोच्या (टँकचं पाणी बाहेर सांडतं त्या कडेच्या) दातांवर प्लास्टिकची जाळी लावा. हीटर सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) टाका. सम्प नसेल तर त्याला प्लास्टिकचा गार्ड हवाच, कारण ॲनिमोन काचेवर सरकत हीटरलाही जाऊन चिकटतं. स्पंज आठवड्याला दोनदा पिळून धुवावा लागतो, नाहीतर प्रवाह निम्म्यावर येतो. हे सगळं ॲनिमोन आणण्याच्या आदल्या दिवशी व्हायला हवं, नंतर नव्हे.

प्रवाहाचा जोरही बघा. शुंडकं वाऱ्यावरच्या भातासारखी इकडून तिकडे डुलली पाहिजेत. एकाच बाजूला दुमडून पडली असतील तर झोत थेट येतोय. अजिबात हलत नसतील तर घाण अंगावरच बसून राहते. भटकण्याची कारणं बहुतेक दोनच असतात, प्रवाह आणि प्रकाश. दोन्ही ठीक असतील आणि खडकात पाय खुपसायला खाच असेल, तर ते सहसा तिथेच राहतं. पाय सावलीत, शुंडकं उजेडात, अशी जागा त्याला आवडते.

३. लाइट (खर्च शून्य, किंवा मच्छरदाणीचा तुकडा)

दुकानातल्या टँकमध्ये बहुतेकदा मंद निळसर उजेड असतो. तिथून थेट शंभर टक्क्यांवरच्या रीफ (प्रवाळाच्या टँकच्या) एलईडीखाली आलं की आतलं शैवाल जादा प्रकाशात घातक ऑक्सिजन संयुगं तयार करतं आणि ॲनिमोन ते शैवाल बाहेर फेकतं. दाट तपकिरी गोळे आठवडाभर पडत राहिले आणि रंग फिका पडत गेला, तर हेच चाललंय.

लाइट कमी-जास्त करता येत असेल तर पहिल्या आठवड्यात ३० ते ४० टक्के ठेवा आणि मग दर तीन-चार दिवसांनी पाच टक्क्यांनी वाढवा. करता येत नसेल तर टँकवर नायलॉनच्या पांढऱ्या मच्छरदाणीचे तीन पदर ताणून बसवा आणि दर आठवड्याला एक काढा. पार मीटर (शैवालाला वापरता येणारा प्रकाश मोजणारं साधन) मिळाला तर बबल टिपसाठी १०० ते २५० च्या दरम्यान पार पुरेसा आहे. वेळ रोज आठ ते दहा तास, टायमरवर. हाताने चालू-बंद केलेला लाइट कधीच एका वेळेला होत नाही.

४. क्षारता आणि तापमान (खर्च काही शे रुपये)

क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ ते १.०२६, म्हणजे ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). तापमान २५ ते २७ अंश. आकडे सगळ्यांना पाठ असतात, खोट असते ती मोजण्याच्या साधनात. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर एक बुडबुडा बसला तरी वाचन चुकतं. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून क्षारता दाखवणारी छोटी दुर्बीण) फक्त आरओच्या पाण्यावर शून्य करून चालत नाही, कारण शून्याला बरोबर असलेला ३५ ला चुकीचा असू शकतो. मापाचं द्रावण घरीच करा: ३६.५ ग्रॅम खाण्याचं साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी, सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर तोलून. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ते ३५ पीपीटी दिसलं पाहिजे. हे पाणी फक्त मापासाठी आहे, टँकमध्ये टाकायचं नाही.

मार्च ते मे कोल्हापुरात हवा कोरडी आणि दुपार तापलेली असते. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसलेल्या टँकवर पंखा लावतात आणि तो चालतोही, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. २०० लिटरच्या टँकमधून रोज ४ लिटर उडालं आणि पाच दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) चुकला, तर ३५ ची क्षारता ३९ च्या जवळ जाते. मग आठवण झाल्यावर एकदम २० लिटर गोडं पाणी ओतलं की एका तासात परत ३५. ॲनिमोन मारायला एवढा हेलकावा पुरतो. टॉप-अप रोज किंवा फ्लोट स्विचवर, आणि गोड्याच पाण्याचा.

जूनमध्ये पाऊस लागला की हवेत ओल भरते आणि तोच पंखा तेवढं काम देत नाही. २९ च्या वर पाणी सलग राहत असेल तर चिलरला पर्याय नाही. चिलर घेणं जमणार नसेल तर निदान मार्च ते मे या काळात नवं ॲनिमोन आणू नका.

५. पाणी येतं कुठून? (खर्च टीडीएस मीटरचा)

या मुद्द्यावर जास्त वेळ द्या. वारंवार ॲनिमोन मरणाऱ्या घरांत दोष इथे दडलेला असतो आणि तो नेहमीच्या टेस्ट किटमध्ये दिसत नाही.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टँकला चालेल असं गृहीत धरलं जातं. पण ते पिण्यासाठी बनवलेलं असतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नावाचा स्क्रू चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. मिनरल कार्ट्रिज क्षार टाकतं. आणि हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये कॉपर कार्ट्रिज असतं. माणसाला चालणारं तांबं ॲनिमोन, कोळंबी, शंख-गोगलगायी सगळ्यांना विष आहे. नळाखाली टीडीएस मीटर धरा. ५०-६० दिसलं तर ते टँकचं पाणी नव्हे. मेम्ब्रेननंतर लगेच, कंट्रोलर आणि कार्ट्रिजच्या आधी, टी जोडून वेगळी नळी काढा आणि तिला डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं) कॅनिस्टर लावा. वाचन ० ते २ आलं पाहिजे. रेझिनचा रंग बदलला किंवा वाचन ५ च्या वर गेलं की रेझिन बदला.

महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर अडवतो. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, गाळाने सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो आणि कार्बनवरही ताण येतो. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही बदलून घ्या. उपनगरात किंवा खेड्यात बोअरचं पाणी असेल तर उसाच्या खतांमुळे त्यात नायट्रेट असू शकतं. तिथे डीआयशिवाय नुसता आरओ पुरत नाही. बॅटरीसाठी मिळणारं डीएम वॉटर वापरणारेही आहेत. ते चालतं, पण मीटर लावून बघा आणि कॅन आधी ॲसिडचा नव्हता याची खात्री करा.

साठवण कशात होते तेही बघा. तांब्याचा हंडा, पितळी तोटी, बंबातलं कोमट पाणी, मोटारीचा पितळी फूटव्हॉल्व्ह, यांतलं काहीही वाटेत नको. खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा पिंप आणि प्लास्टिकचीच तोटी. पाणी गरम करायचं तर पिंपात काचेचा हीटर टाका.

मीठ म्हणजे रीफ सॉल्ट मिक्सच. २० लिटरला साधारण ७०० ते ७५० ग्रॅम लागतं, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका, आणि छोटा पंप लावून रात्रभर फिरवा. रत्नागिरी-मालवणहून समुद्राचं पाणी आणायचा मोह असतो. किनाऱ्याजवळ ओढ्यांचं गोडं पाणी, बोटींचं तेल आणि गाळ मिसळलेला असतो, पावसाळ्यात तर फारच. नको. तिथल्या खडकांवरून ॲनिमोन उचलून आणणंही नको. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनाऱ्यावरून आणलेल्या दगडाला ते चिकटलेलं असलं तर गुन्हा होतो.

६. टेस्ट किट

अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट २ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. ही दोन शून्य असतील तर तेही वाईट, ॲनिमोनच्या अंगातलं शैवाल उपाशी राहतं. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) ८ ते ९.५ डीकेएच आणि दिवसात एकापेक्षा जास्त डीकेएच हलता कामा नये. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. पीएच सकाळी ८.० आणि संध्याकाळी ८.३ असा फरक चालतो.

अमोनिया दिसला तर लगेच २५ टक्के पाणी बदला आणि कारण शोधा: खडकामागे मेलेला मासा, जास्त खाणं, धुतलेलं फिल्टर मीडिया. टँक सहा महिन्यांपेक्षा नवा असेल तर कारण शोधायची गरज नाही, टँकचं वय हेच कारण. पाणी चाचणीत स्वच्छ दिसलं तरी नव्या टँकमध्ये आकडे आठवड्याला हेलकावे खातात. वर्षभर चाललेला टँक उत्तम, सहा महिने ही किमान मर्यादा.

७. तांबं आणि घरातली हवा

टँक जुना घेतलेला असेल तर त्यात पूर्वी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर कॉपरचं औषध टाकलं होतं का ते विचारा. खडक आणि वाळू तांबं शोषतात आणि पुढे महिनोन्‌महिने सोडत राहतात. मासे मजेत आणि गोगलगायी, कोळंबी, ॲनिमोन मात्र मरतायत, हा नमुना दिसला की पहिला संशय तांब्यावर घ्या. कॉपर टेस्टमध्ये थोडा जरी रंग आला तरी तो जास्तच समजा. पॉली-फिल्टरचा पांढरा पॅड सम्पमध्ये वाहत्या पाण्यात ठेवला तर तांबं धरून तो निळसर होतो. त्याने तपासणीही होते आणि उपायही. चुंबक, नटबोल्ट, लाइटचा गंजलेला स्क्रू पाण्यावर ठिबकतोय का, तेही बघा.

हवेचं सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा तासाला शेकडो लिटर ओढून बारीक बुडबुड्यांतून पाण्यात कालवतो. डास-झुरळाचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, रंगकाम, बंद खोलीतला दाट धूप, सगळं थेट पाण्यात. गणपतीत देव्हारा आणि टँक एकाच खोलीत असतील तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा आणि त्या आठवड्यात ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, २०० लिटरला एक लहान वाटी. टँकमध्ये हात घालण्याआधी साबण-क्रीम-बाम नाही ना हे बघा. नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुवा.

८. शेजारी

फुलपाखरू मासे ॲनिमोन खातात. पेपरमिंट कोळंबी कधीकधी शुंडकं कुरतडते. आणि क्लाउन मासा? ॲनिमोनला जगायला क्लाउनची गरज नाही. उलट नव्या, दुबळ्या ॲनिमोनवर ‘मरून’ किंवा ‘क्लार्की’ जातीच्या क्लाउनची मोठी जोडी दिवसभर अंग घासत राहिली तर ते फुगतच नाही. त्यांना भोकाभोकाच्या ॲक्रिलिकच्या पार्टिशनमागे दोन-तीन आठवडे ठेवा. प्रवाळ २० सेंटीमीटर तरी लांब हवं, नाहीतर ॲनिमोन त्याला डंख मारणारच.

९. वीज

ही तपासणी शेवटी, कारण ती तुम्ही करायची नाही. पाण्यात बोट घालताना मुंग्या आल्या, किंवा बोटावरची जखम चुरचुरली, तर हीटर किंवा पंपाची तार आतून फुटलेली असू शकते. प्लग ओढण्यासाठीही ओल्या हाताने जाऊ नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. टँकच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं चालणारं अर्थिंग असल्याशिवाय रीफ टँक चालवूच नये, ॲनिमोन असो वा नसो.

इथे थांबा

सडलेलं ॲनिमोन काढताना ते हाताने उचलू नका, फुटतं. मोठा कप पाण्याखाली नेऊन त्यात अलगद घ्या, किंवा नळीने ओढून घ्या. मग २५ ते ३० टक्के पाणी बदला, कार्बन टाका, स्किमर ओला, म्हणजे पातळ फेस जास्त निघेल असा, चालवा. एवढं करूनही अमोनिया ०.५ च्या वर राहिला किंवा मासे वर येऊन धापा टाकायला लागले, तर त्याच दिवशी सागरी टँकची देखभाल करणाऱ्या अनुभवी माणसाला बोलवा. गोड्या पाण्याचे टँक साफ करणारा नको, ते काम वेगळं.

ॲनिमोन रोज फुगतंय, रोज तोंड उघडून कोसळतंय आणि हे चार दिवस चाललंय, तर संसर्गाची शंका येते. त्यावर वेगळ्या भांड्यात प्रतिजैविक देऊन उपचार करतात. ते स्वतःच्या अंदाजाने करू नका आणि मुख्य टँकमध्ये तर मुळीच टाकू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू जातील. जलचरांचं काम केलेल्या पशुवैद्याला विचारा. कॉपर टेस्टमध्ये महिनाभर रंग येत राहिला तरीही माहितगाराचीच गरज आहे, खडक-वाळू काढायची की नाही हा खर्चिक निर्णय आहे.

आणि तुमच्यासाठी: हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. डंखाने नुसती खाज आली तर ती जाते. पण सूज पसरली, धाप लागली किंवा चक्कर आली तर टँक तसाच सोडून दवाखाना गाठा.

पुढची पिशवी उघडण्याआधी

मुंबईहून रात्रीच्या बसने निघालेली पिशवी सकाळी कोल्हापुरात कावळा नाक्यावर मिळते, तोवर ती बंद होऊन बारा-चौदा तास झालेले असतात. ॲनिमोनच्या श्वासाने आत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो आणि टाकलेला अमोनिया त्या आंबट पाण्यात बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या पिशवीत तास-दोन तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्यालाच ती पद्धत योग्य.

त्यांच्या टँकची क्षारता विक्रेत्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मीठ वाचवायला काही जण १.०२० ठेवतात. समजा १.०२० आहे: स्वच्छ बादलीत टँकचं ५ लिटर पाणी घ्या, त्यात दीड लिटर आरओ-डीआय मिसळा, एअर स्टोन सोडा. बंद पिशवी टँकवर २० मिनिटं तरंगवून तापमान जुळवा. पिशवी उघडा, क्षारता पुन्हा मोजा, लागला तर बादलीत फरक करा, आणि ॲनिमोन उचलून लगेच बादलीत ठेवा. पिशवीचं पाणी मोरीत. आता दर १५ मिनिटांनी बादलीतलं एक लिटर काढून टँकचं एक लिटर घाला. दोन तासांत, म्हणजे आठ वेळा केल्यावर, बादली साधारण ३३ पीपीटीला येते. मग ॲनिमोन टँकमध्ये. टँकमधून एकूण १३ लिटर गेलेलं असतं, तेवढं नवं खारं पाणी आदल्या रात्रीच तयार हवं.

टँकमध्ये ठेवताना वेव्हमेकर तासभर बंद. खाच असलेल्या खडकावर पाय खाली करून ठेवा आणि वर भोकांची प्लास्टिकची टोपली पालथी घाला, म्हणजे पाय धरेपर्यंत ते वाहून जाणार नाही. पाय धरला की टोपली काढा, लाइट दुसऱ्या दिवशीच.

जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो आणू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर शहराच्या बऱ्याच भागांत वीज आणि नळाचं पाणी दोन्ही विस्कळीत झालं होतं. रुळलेलं ॲनिमोन बॅटरीच्या एअर पंपावर काही तास काढतं, चार दिवसांपूर्वी आलेलं काढेलच असं नाही.

पहिलं खाणं सात-आठ दिवसांनी, तेही तोंड घट्ट आणि शुंडकं चिकट असतील तरच. मीठ-हळद न लावलेली कच्ची कोळंबी आरओच्या पाण्यात धुऊन, हरभऱ्याएवढा तुकडा, चिमट्याने शुंडकांवर ठेवा, तोंडात कोंबू नका. आठवड्याला एकदा पुरे. दुसऱ्या दिवशी तुकडा बाहेर पडलेला दिसला तर उचलून टाका आणि पुढच्या वेळी अर्धा द्या.